शनिवारचं तेल आणि देवळाचं कुलूप

आमच्या हुडको कॉलनीतल्या मारुतीचं दार रोज सकाळी कौशल्याबाई उघडतात. आधी हे काम त्यांचे यजमान देवाजी करत. ते गेले तेव्हापासून किल्ली बाईंच्या कमरेला. घरी दुसरं कोणी नाही. आम्ही चार-पाच जणी फुलं घेऊन दारापाशी थांबतो. त्या येताना दिसल्या की बरं वाटतं. त्यांनाही वाटत असणार.

मंगळवारी कुलूप उघडेचना. किल्ली आत जायची, पण फिरायची नाही. आम्ही जाळीतूनच हात जोडले. देवळाच्या समितीतल्या भूषणने येऊन पाहिलं. म्हणाला, संध्याकाळी कटरने कापू आणि नंबरवालं कुलूप लावू, किल्लीची झंझटच नको. वर बाईंना चिडवलं, "आजी, तुमची ड्यूटी खतम. आता झोपा आरामात."

तो गेल्यावर बाई पायरीवर बसल्या. मी म्हटलं, चांगलंच झालं, थंडीत उठायला नको.

"नंबर तं सगळ्याइलेच माहीत राहीन," त्या म्हणाल्या. "मंग माही वाट कोण पाहीन?"



थोड्या वेळाने त्यांनी किल्ली ओढून काढली, तर ती काळ्या चिकट मळाने भरलेली. बाईंनी वास घेतला. मारुतीला वाहून उरलेलं तेल त्या दर शनिवारी कुलपात सोडत. उघड्यावर गंज लागू नये, आणि देवाचं तेल वायाही जाऊ नये. त्यावर जवळच्या कारखान्याची धूळ बसत गेली आणि आत लगदा झाला.

"मीनंच बुजवलं थे. तेल मारुतीले लागते, कुलपाले नाई."

देवाजी घरच्या कड्या-बिजागऱ्या रॉकेलने धुवायचे, ते त्यांना आठवलं. माझ्याकडे बाटलीत थोडं होतं. ते किल्लीच्या भोकात सोडायचं, लाकडाने कुलपावर हलकं ठोकायचं, काळं गळू द्यायचं, पुन्हा सोडायचं. मी किल्लीवर जोर लावायला गेले तर बाईंनी हात धरला. तुटली तर कटरच. मी मनात रामनाम घेत राहिले. दुपार कलली तेव्हा किल्ली जराशी हलली आणि मागेपुढे करत फिरली.

संध्याकाळी भूषण कटर घेऊन आला तर दार उघडं, दिवा लागलेला. तेलाची गोष्ट बाईंनी स्वतःच सांगितली. तो हसत सुटला. "आजी, मारुतीच्या वाटणीचं कुलपाले पाजलं तुमी."

जाता जाता दाराशी थबकून म्हणाला, "उद्या माह्या बहिणीचा, करिष्माचा पेपर आहे. तिले दर्शन घ्यायचं आहे. तुमी दार उघडाले किती वाजता यान?"

"तिले म्हण, दाराशी उभी राय," बाई म्हणाल्या. "मी येतो."