जर्मनीहून आलेला खड्डा

मंचरला मी शिकवते त्या शाळेत परिपाठ चालू होता तेव्हा दगडूतात्यांचा फोन आला. "ताई, विनूला करंट लागलाय. तुमी निगा." लागलाय म्हणाले, गेला म्हणाले नाहीत. तात्या म्हणजे गावाकडचे आमचे बांधाला बांध असलेले शेजारी. विनूला त्यांनी खांद्यावर बसवून बेल्ह्याचा बैलबाजार दाखवला होता. बेल्ह्याच्या अलीकडचं आमचं गाव येईपर्यंत मी स्वतःला एकच समजावत होते, की विजेचं शिक्षण घ्यायला जो पार जर्मनीला जाऊन आला त्याला वीज मारेल कशी... अंगणात शिरले तर माणसं खाली बघत बसलेली. माझा धाकटा भाऊ ओसरीवर झोपवला होता, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टेस्टर तसाच अडकवलेला होता.

आता महिना उलटून गेलाय. रडून झालं, राग मात्र जात नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही. विनू जर्मनीला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकायला निघाला तेव्हा वेशीवर फ्लेक्स लागला होता, हलगी वाजली होती. शिकून, तिथं काही वर्षं नोकरी करून तो परत आला तेव्हा मात्र कुणाला फारसा आनंद झाला नाही. "तिकडं काय जमलं न्हाई वाटतं," असं पारावर बोललं गेलं. चाकणला नोकरी धरून तो दर शनिवारी गावाला यायचा. मी एकदा त्याला विचारलं होतं, बाबा रे, एवढ्या लांब जाऊन तू वेगळं शिकलास तरी काय? चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, गणितं इथलीच आहेत. तिथं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात घालतात. माणूस चुकणारच, हे धरून काम करा. चुकला तरी तो मरता कामा नये." परदेशी शिक्षणाचा फायदा म्हणतात तो त्याच्या लेखी एवढाच होता.

आमच्याकडे विहिरीवर मोटारीची लोखंडी पेटी असते. आतली एखादी वायर सोलली, की सगळ्या पेटीत करंट उतरतो, आणि ओल्या हातानं बटण दाबणारा माणूस जातो. त्यावर उपाय म्हणजे अर्थिंग. खोल खड्डा घ्यायचा, तळाला पत्रा, वर मीठ-कोळसा, आणि पत्र्यापासून पेटीपर्यंत एक तार. गळका करंट तारेनं जमिनीत जातो, माणूस वाचतो. अट एकच, खड्डा कायम ओला पाहिजे. विनूनं पहिला खड्डा आमच्या विहिरीवर खणला आणि रोज सकाळी त्यात पाणी ओतायचं काम आईला नेमून दिलं. गावाला हसायला निमित्त मिळालं. "जर्मनीला जाऊन खड्डा खणाया शिकला राव." तरीही शाळा-कॉलेजांत त्याला भाषणाला बोलवायचे, विषय ठरलेला, परदेशी शिक्षणाचे फायदे. हा भाषणाच्या शेवटी खड्ड्यावर आला की सूत्रसंचालक शाल घेऊन उभा राहायचा. घरी शालींचा ढीग झाला, खड्डा मात्र कुणी खणेना. हो म्हणाले ते फक्त दगडूतात्या. त्यांचा खड्डा विनूनं स्वतः कुदळ घेऊन खणला.

मग तात्यांचं वासरू बिबट्यानं नेलं. गोठ्यावर रात्रभर जळणारा हॅलोजन पाहिजे झाला. लाईटीला दोन तारा लागतात; कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, एक मोटारीच्या पेटीतनं घ्या आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला गुंडाळा, मस्त पेटतंय. आमच्या भागात हे मळ्यामळ्यात करतात. लाईट लागली ना, मग झालं तर. विनूला कुणी विचारलं नाही. खड्डा ओला होता तोवर निभलं. उन्हाळ्यात तात्यांकडच्या कुणीच पाणी ओतलं नाही, माती भेगाळली, आणि लाईटीतून आलेल्या करंटला जमिनीत जायला वाट राहिली नाही. तो उलटा पेटीत येऊन बसला. "चार दिस लाईट बारीक जळत व्हती," तात्या नंतर सांगत होते, "म्हनलं, व्होल्टेज न्हाई." त्या सकाळी हॅलोजन बंद करायचा राहिला होता, आपोआप चालू होणारी मोटार नुसती घुं घुं करत होती, फिरत नव्हती. विनू सुट्टी घेऊन घरीच होता. तात्यांनी हाक मारली, हा गेला. कुठल्याही पेटीला टेस्टर लावल्याशिवाय हात न लावणारा माझा भाऊ, त्यानं इथं तपासलं नाही. खड्डा त्यानं खणलेला होता ना...

दहाव्याला नदीच्या घाटावर भाषणं झाली. पुढाऱ्यांनी माइक सोडला नाही. परदेशात जाऊन उच्च शिक्षण घेतलेला हिरा हरपला, तरुणांनी आदर्श घ्यावा, नियतीनं घाला घातला. नियतीनं नव्हे हो, एका वायरीनं. तसं म्हणायला मी उठलेही होते, पण तेवढ्यात कावळा शिवला आणि लोक चपला शोधायला लागले.

मागच्या रविवारी घरी गेले. संध्याकाळी तात्यांच्या गोठ्यावर तोच हॅलोजन लागला. तडक गेले. वायर तिथंच होती, तशीच गुंडाळलेली. "तात्या, अजून काढली नाही?"

"काढायचीच हाय, ताई. वायरमन आज येतो, उद्या येतो करतोय. अन् बिबट्या परवा पार दावणीपातूर आला व्हता." बोलता बोलता म्हातारा रडायला लागला. मी वायरीकडे वळले तर आडवा आला. "हात नगा लावू. तुमाला कायतरी व्हईल." त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वायर मात्र तिथंच राहिली. विनूच्या माघारी गावानं काय शिकावं, तर हात लावू नये एवढंच शिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कळशी घेऊन निघाली. आमच्या खड्ड्यात पाणी ओतलं, कळशी पुन्हा भरली आणि बांध ओलांडून तात्यांच्या विहिरीकडे चालू लागली. मी मागं गेले. पेटीजवळ तात्यांची नात भातुकली मांडून बसली होती. आईनं तिला बाजूला केलं आणि खड्ड्यात पाणी सोडलं. हे रोजचं असणार, कारण तिथली माती काळीभोर झाली होती.

"आई, याच खड्ड्यानं आपला विनू नेला. तू इथं पाणी घालतेस?"

"पोरगी खेळती हितं," ती म्हणाली. "अन् विनू म्हनला व्हता, खड्डा वला पायजे." पाणी जिरेपर्यंत ती बघत राहिली. मग रिकामी कळशी माझ्या हातात दिली. "ऊन लई हाय. एवढ्यानं भागत न्हाई. अजून एक आन."

मी आणली.