ड्रायव्हरच्या तीन बाटल्या

गेल्या ऑगस्टमध्ये लंडनच्या आसपास राहणारे आम्ही तीन जुने मित्र स्कॉटलंडमधल्या एका बेटावर व्हिस्कीची डिस्टिलरी पाहायला गेलो. बेत ईलिंगच्या मित्राचा. हॅरोहून निघतानाच मी गाडीची किल्ली ताब्यात घेतली आणि जाहीर केलं, "ड्रायव्हिंग मी करणार. माझा श्रावण आहे."

"तू आणि श्रावण?" दोघंही हसले.

खरं तर जन्मात मी श्रावण पाळलेला नव्हता. त्याआधीच्या ऑक्टोबरपासून मी दारूला शिवलो नव्हतो, कारण एक घोट घेतला की मला थांबता येत नाही. हे बायकोला आणि डॉक्टरांना माहीत होतं. मित्रांना सांगायची लाज वाटायची. श्रावण म्हटलं की कोणी खोदून विचारत नाही, एवढाच माझा हिशेब.

समुद्राला लागून असलेली ती जुनी दगडी डिस्टिलरी मला आवडली, हे कबूल करतो. मोठमोठ्या लाकडी पिंपांत बार्ली आंबत होती आणि वास थेट डोशाच्या पिठाचा येत होता. पलीकडे जिनचं तांब्याचं भांडं, शेजारी बरण्यांत जुनिपरची वाळकी फळं, संत्र्याची साल आणि चक्क आपले धणे. माहिती देणाऱ्या बाई म्हणाल्या, व्हिस्की वर्षानुवर्षं पिंपात पडून राहते, तोवर घर जिन चालवते.

चव घ्यायची वेळ आली तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. स्वतःवर भलताच खूश होतो. निघताना त्या बाईंनी माझ्या हातात कागदी पिशवी ठेवली. आत तीन इवल्याशा बाटल्या. गाडी चालवणारा उपाशी राहू नये म्हणून त्याचा वाटा घरी न्यायला द्यायचा, ही तिथली पद्धत.

"परफेक्ट टायमिंग," ब्रॅकनेलचा मित्र म्हणाला. "श्रावण संपायला दोनच वीक राहिलेत."

परतीच्या फेरीबोटीवर त्या बाटल्या जॅकेटच्या खिशात किणकिणत होत्या. पाण्यात टाकाव्यात म्हणून दोनदा खिशात हात घातला आणि दोन्ही वेळा बोटं झाकणाशी चाळा करत राहिली. मी घाबरलो. त्या बाईंचा राग आला, मित्रांचा आला, स्वतःचा तर आलाच.

ईलिंगचा मित्र दोन चहा घेऊन डेकवर आला.

"श्रावण संपला तरी मी पिणार नाहीये," मी म्हणालो. "मला थांबता येत नाही. लास्ट ऑक्टोबरपासून बंद केलीय."

तो माझ्याशेजारी कठड्याला टेकला.

"म्हणून दिवाळीला आला नाहीस? माझ्या बर्थडेला पण?"

"हो."

"आम्हाला वाटलं, तू आमच्यावर रागावलायस. मी दोनदा सॉरीचा मेसेज टाइप केला आणि डिलीट केला. सॉरी कशाबद्दल म्हणायचं, तेच कळेना."

त्याने चहा माझ्याकडे दिला आणि रिकामा झालेला हात तसाच पुढे धरला. मी तिन्ही बाटल्या त्यावर ठेवल्या.