विमानाच्या काचेवरची बोटं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर दारातूनच हाकललंय. बाळंतिणीच्या उशाशी लिंबू ठेवणाऱ्या सासवांशी मी इतकी भांडलेय, की मी येताना दिसले की बाया लिंबू पदराखाली लपवायच्या. तेव्हा हे लिहितेय ती बाई कोण आहे, एवढं ध्यानात ठेवा आणि मग पुढे वाचा.

पन्नासच्या दशकाची अखेर. बोर नदीवरचं धरण अजून व्हायचं होतं. हिंगणीत एका डॉक्टरसाहेबांचं चार खाटांचं प्रसूतिगृह होतं, तिथे मी नर्स. साहेबांनी नागपूरला लढाईतल्या जुन्या सामानाच्या लिलावातून अ‍ॅक्रिलिकचे तक्ते आणले होते... विमानाच्या खिडक्यांना लावतात तसले. सेलूच्या सुताराकडून ते चौकटीत बसवून घेतले आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पेटी केली. आत कापसाची गादी, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, वर झाकण. अख्खं गाव तिला ‘विमानाची काच’ म्हणायचं.

पेटी माझ्या ताब्यात. आणि माझी खोड अशी, की डाग दिसला की हात शिवशिवतात. त्यात हे अ‍ॅक्रिलिक भारी नखरेल! स्पिरिट लावलं की बारीक तडे जाऊन पांढुरकं होतं. आमच्या कंपाउंडरनं एका कोपऱ्यावर हा प्रताप करून ठेवला होता, त्याला मी शेवटपर्यंत ऐकवलं. कोरडं घासलं तर चरे पडतात आणि उलट जास्तच धूळ ओढून घेतं. चिकटपट्टीचा चिकटा राहिला तर त्यावर खोबरेल लावून थोडं बसू द्यायचं, मग मऊ फडक्यानं ढकलत ढकलत काढायचं. ब्लेड नाही, नख नाही. शेवटी कोमट साबणपाणी आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा. माझी पेटी अशी लखलख करायची, की आत बाळ अधांतरी निजलंय असं वाटावं.

ऐन थंडीत फुलाबाई आली. जंगलालगतच्या गोंड वस्तीतली, धावड्याचा डिंक गोळा करणारी. सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेल्या, आणि हाताची बोटं डिंकानं माखलेली. ‘‘अगं, हात तरी धुवायचे!’’ म्हणून मी तशा घाईतही तिला झापलं आणि तिचे हात धुतले. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी. आणि फुलाबाईचं रक्त थांबेना. ती बेशुद्ध पडली तशी साहेबांनी तिला जीपमध्ये घातलं, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि थेट वर्ध्याचा मोठा दवाखाना गाठला. जीप गेल्यावर मी पोरीला पेटीत ठेवलं. म्हणजे फुलाबाईनं ती पेटी पाहिलीसुद्धा नव्हती, हे नीट लक्षात घ्या.

पोरीजवळ राहिली तिची सासू. साहेब परत आले, बजावून गेले—‘‘ऊब टिकली तरच ही पोर टिकेल. दूध पाजण्याच्या वेळेशिवाय झाकण उघडायचं नाही.’’ तिकडे आई शुद्धीवर येत नव्हती, इकडे लेकीचा श्वास मोजूनमापून चाललेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर झाकणावर, अगदी बाळाच्या तोंडाच्या वर, चार बोटांचे चिकट ठसे! मला वाटलं चिकटपट्टीचा चिकटा. खोबरेल लावलं. ढिम्म. मग ओलं फडकं फिरवलं, तर विरघळून निघाला. फडक्याचा वास घेतला... डिंक. धावड्याचा.

सासूला बोलावलं. ‘‘आजी, पेटीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?’’

‘‘मी काऊन लावू बाई? मी तं तिकडं भिंतीपाशीच बसून राह्यली.’’

‘‘मग हा डिंक काय उडत आला?’’

दुपारी पुन्हा ठसे, तिथेच. मी पुसले. संध्याकाळी पुन्हा! आता माझं डोकंच फिरलं. मी म्हातारीचे हात माझ्या हातानं साबणानं धुतले, तिचं गाठोडं उलटंपालटं केलं. डिंकाचा खडासुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले. ‘‘घ्या, सुंगून पाहा माहे हात. सून तिकडं मराले टेकली हाय, नात इथं अशी... अन् तुमी मले चोर समजून राह्यल्या?’’ मला वाईट वाटलं, पण संशय काही जाईना. तिला व्हरांड्यात बसवलं आणि खोलीला कडी घातली.

कडी घातलेल्या खोलीतही ठसे उमटले. मी पुसत राहिले. आधी तेल, कारण हाताला सवयच तशी, मग ओलं फडकं. घाबरले का? मुळीच नाही. मला राग येत होता. माझ्या पेटीवर कोण हात टाकतंय, एवढंच डोक्यात होतं.

आणि मग ती दुपार. पोरीचं दूध होऊन, पिशव्या बदलून तास-दीड तास झालेला, ती शांत निजलेली. मी जेवायला निघाले. दारातून सहज वळून पाहिलं, तर डाग आज झाकणावर नव्हता. खाली होता, बाजूच्या तक्त्यावर, पायांकडे. ‘‘आता जागाही बदलली का?’’ असं म्हणत मी फडकं उचललं. तेल लावलं, पाणी लावलं... डाग हलेना. बोट फिरवलं तर बाहेरून तक्ता गुळगुळीत. डाग आतून होता.

साहेबांचा हुकूम मोडून मी झाकण उघडलं. खरं सांगते, पोरीसाठी नाही, डागासाठी उघडलं. हात आत घातला. गादी गार पाण्यानं चिंब! पिशवीचं बूच सैल होऊन सगळं पाणी कापसात मुरलेलं. आणि पोर निजलेली नव्हती. ओठ निळे, अंग गारठलेलं, रडायलाही त्राण नाही.

मी तिला उचलून पोलक्याच्या आत छातीशी धरलं आणि ओरडले, ‘‘आजी, धावा! शेगडी आणा!’’ म्हातारी धावत आली. आम्ही दोघींनी तिला चोळलं, शेकलं. मी तिच्या तोंडात हलके हलके फुंकर घालत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज निघाला. म्हातारीनं माझ्या गळ्यात हात टाकून हंबरडा फोडला, आणि मीही रडले. कारण मी जेवून आले असते तर पोर गेलेली असती.

साहेब म्हणाले, कोइन्सिडन्स. मी म्हटलं असेल. त्यानंतर ठसे उमटले नाहीत. त्याच संध्याकाळी वर्ध्याला फुलाबाई शुद्धीवर आल्याचं कळलं.

ती परतली तेव्हा पोर चांगली गुटगुटीत होऊ लागली होती. नवऱ्याच्या आधारानं ती पेटीपाशी आली, लेकीला घेतलं, डोळे भरून पाहिलं. मग तिची नजर माझ्या हातातल्या फडक्याकडे गेली आणि ती हसली.

‘‘बाई, तुमी लई पुसलं मले.’’

‘‘काय?’’

‘‘म्या पोरीले हात लावाले जावो, तं मधात काच. तिच्यावरच हात ठेवो. अन् कोणीतरी येऊन पुसून टाके. आंधी तेलानं, मंग पाण्यानं. लई राग ये मले.’’

कुणीतरी तिला पेटीचं सांगितलं असेल, कबूल. पण तेल आणि पाणी? ते तर तिच्या सासूनंही पाहिलं नव्हतं, पुसताना खोलीत मी एकटीच असायची.

मी विचारलं, ‘‘मग गं?’’

‘‘मंग पोरीले थंडी लागून राह्यली, असं दिसलं. म्हनलं, ही बाई बाहेरून पुसूनच टाकते. म्हून आतून लावला हात.’’

आजवर मी हे कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांना सांगितलं, कुणाला उलगडा करता आला नाही, मलाही नाही. भुतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि फुलाबाई तर चांगली जिवंत होती. पेटी पुढे माझ्याच ताब्यात राहिली आणि मी ती तशीच लखलखीत ठेवली. फक्त तो पायांकडचा आतला डाग तेवढा मी कधी पुसला नाही, आणि दुसऱ्या कुणाला पुसूही दिला नाही.