स्वतःच्याच कामाची चोर

एका सुनेला दोन घरं सांभाळायला लावावीत, तशी धाकटीची गत होती. सकाळी विद्यापीठात संगणकशास्त्राचे तास, दुपारपासून कंपनीत शिकाऊ म्हणून राबणं. जाहिरातीत याला ‘शिक्षण आणि अनुभवाचा संगम’ म्हटलं होतं. संगमात गटांगळ्या कोण खातं, हे जाहिरातवाले कशाला सांगतील! तिचे बाबा शिंपी. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते कौतुकाने सांगत, "आमची धाकटी शिकता शिकता नोकरी करते."

कंपनीतल्या तिच्या वरिष्ठाला सगळे दादा म्हणत. शिकाऊ मुलांनी कोड लिहायचा, दादाने तपासायचा आणि कंपनीच्या नोंदीत स्वतःच्या नावाने चढवायचा, अशी तिथली रीत. मालाचे ट्रक कोणत्या वाटेने न्यावेत हे ठरवणारा अख्खा भाग धाकटीने डोळे फुटेस्तोवर बसून लिहिला. दादा खूश झाला.

"हेच शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात घाल की! कंपनीचं मी बघतो."

तिने घातलं. नोंदीत नाव दादाचं चढलंय, ते पुढे नडेल हे तिला सुचलंही नाही. पुढे कंपनीने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला, दादाच्या नावासकट. मग विद्यापीठाच्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने ओळीला ओळ जुळवली आणि धाकटी चोर ठरली.

तिला चौकशी समितीपुढे बोलावलं. उद्योगातले तज्ज्ञ म्हणून तिथे बसले होते कोण, तर दादाच! त्याला बघून तिच्या जिवात जीव आला. त्याने खरं सांगितलं तर पदवी मिळणार होती, आणि पदवी मिळाली तरच कंपनी तिला कायम करणार होती.

"हे हिने लिहिलंय का?" विभागप्रमुख बाईंनी त्याला विचारलं.

दादा चष्मा पुसत बसला. याच कामावर त्याला नुकतीच बढती मिळाली होती.

"मुलगी हुशार आहे," तो म्हणाला. "पण कोड आमच्या टीमचा आहे. नोंदीत नाव माझं आहे."

"दादा, तुम्हीच म्हणालात ना, प्रकल्पात घाल म्हणून?"

"अगं, संदर्भ म्हणून म्हणालो होतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने फळ्यावर एकेक ओळ समजावून सांगितली.

"समजलंय तुला छान," बाई म्हणाल्या. "पण लिहिलंय कुणी, हा प्रश्न आहे." प्रकल्प रद्द झाला आणि पदवी हातची गेली.

"पण लिहिलं तर तूच ना?" घरी बाबांनी विचारलं.

"हो."

"मग?"

तिला रडू फुटलं. बाबांनी मशीन थांबवलं.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "रागावलीस का गं? अगं, सगळे ट्रक एकाच गोदामाकडे वळतायत. इथे कुणाला काही उमगत नाहीये. तुझंच काम आहे ते, तुलाच कळणार. येतेस का जरा?"

"हे परवा का नाही बोललात?"

मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे... येतेस ना?"