विहारात गाळलेलं प्रकरण

धुळ्यातल्या आमच्या वस्तीत पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचला जाई. त्या वर्षी वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याच वर्षी वस्तीत केबल आली. आठची मालिका जवळ आली की माणसं चुळबुळायची. कुणी जांभई देई, कुणी बसल्या जागेवरूनच चपला शोधू लागे.

मी पेटलो. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला मी, दुसरं काय करणार? दोन्ही बाजू भरून पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल करून घरोघर वाटलं. हा डबा तुमचं ध्यान गिळतोय, दहा मिनिटं एका जागी बसणं तुम्हाला जमेनासं झालंय, असं काय काय. शेजारच्या भाऊंनी ते परत आणून दिलं.

"लई लांब शे रे. थोडक्यात सांग ना!"

मग मीही थोडक्यात करू लागलो. वाचताना रेंगाळणारा भाग आला की गुपचूप पानं उलटायची. आठच्या आत आटपे. माणसं टिकली. मी खूश.

एका संध्याकाळी सगळे उठले, वस्तीतल्या म्हाताऱ्या अक्का मात्र उठल्या नाहीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. वर्षानुवर्षं ऐकून ग्रंथ त्यांच्या कानात बसला होता. त्यांचे मालक त्याच उन्हाळ्यात गेलेले.

"मरणनं प्रकरण कोठे गयं रे?"

"येईल पुढे, अक्का."

"पुढे नही. मांगे ऱ्हायनं. तू सोडी दिधं. तेन्हासाठेच बशेल शे मी."

मला मान वर करता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथ घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. अर्ध्या तासाचं काम, असं धरून चाललो होतो. पहिल्याच पानावर माझे डोळे शेवटच्या ओळीकडे पळाले, तोंड शब्द गिळू लागलं.

"तुले काय गाडी धरनी शे का?"

माझ्या घरी टीव्ही नव्हता. मीच येऊ दिला नव्हता. तरी माझा पाय एकसारखा हलत होता.

"हाई ओळ परत वाच."

वाचली. त्यांनी परत वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचल्यावर अक्कांनी डोळे मिटले. पान उलटायला माझं बोट कडेशी गेलं होतं. ते मागे घेतलं आणि त्या डोळे उघडेपर्यंत थांबलो. फार जड गेलं.