ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी

परवा दुपारी आमच्या बदलापूरच्या घरी नातसून ढसाढसा रडत बसली होती. बाळाच्या झोपेची वेळ टळून गेली होती, मोबाइल टुंग टुंग वाजून तेच तेच सांगत होता आणि माझा पणतू डोळे टक्क उघडे ठेवून किंचाळत होता... काय झालंय ते मला न सांगताच कळलं.

मी नव्वदीची बाई. मी बोलतेय आणि नातसूनच टाइप करतेय, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंबरनाथला चाळीत एक खोली, मी अठरा वर्षांची, मांडीवर पाच महिन्यांचा मुलगा आणि आमचे हे कारखान्यात रात्रपाळीला. सासू गावाला, आई त्याहून लांब. विचारायचं कुणाला?

हे सकाळी यायचे, चहा पिऊन आडवे व्हायचे आणि तेवढ्यात पोरगं भोकाड पसरायचं. रोज! बापाची पाठ टेकायचीच वाट बघत असायचं मेलं. बरं, रात्री तरी झोपायचं म्हणाल, तर तेही नाही...

सगळं करून झालं. गुटी उगाळली, पोटाला हिंग लावला, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, ओव्याची धुरी दिली. लुगड्याची झोळी बांधून तिची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवली आणि भाकऱ्या थापता थापता पाय हलवत राहिले. पाय थांबला की पोरगं सुरू.

हे कधी ओरडले नाहीत हो. कानावर उशी दाबून भिंतीकडे तोंड करून पडायचे. ओरडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यांना मशीनवर डुलक्या यायला लागल्या होत्या. त्यांच्याच खात्यात एकाची बोटं गेली होती, आणि साहेबानं ह्यांना बजावलं होतं, पुन्हा पेंगताना दिसलास तर घरी बस. सकाळी हे दारात आले की मी आधी त्यांचे हात बघायचे, मग तोंड.

खरं सांगू? जीव नकोसा झाला होता. विहिरीवर पाणी भरायला गेले की नको तितका वेळ आत वाकून बघत राहायचे... (इथे नातसून टाइप करायची थांबली. म्हटलं लिही, लिही. खरं आहे ते.)

शेजारच्या वैनींना माझी दया आली. त्यांनी हातावर एक काळी गोळी ठेवली, ज्वारीच्या दाण्याएवढी. अफूची. तेव्हा कामाला जाणाऱ्या कितीतरी बाया पोरांना द्यायच्या, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. "दुधात कालवून चाटव गं, माझी चारही ह्याच्यावरच वाढली. दुपारभर हूं का चूं करणार नाही."

दोन दिवस गोळी पदराच्या गाठीत बांधून फिरले. तिसऱ्या दिवशी हे घरी आले तेच भिंतीला धरून. बसल्या बसल्या मान पडत होती, आणि पोरगं सुरूच... मी त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसले, वाटीत दूध घेतलं आणि गाठ सोडली.

फाळणीत कराचीहून आलेली एक सिंधी बाई उल्हासनगरच्या कॅम्पातून आमच्या चाळीत पापड विकायला यायची. माई म्हणायचो आम्ही तिला. नेमकी त्याच वेळी आली, टोपली उतरवली आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "क्या देती है?" मी काही बोलायच्या आत गोळी उचलून नाकाशी नेली आणि सरळ गटारात भिरकावली.

असा संताप आला मला! म्हटलं, तू कोण गं? तुला काय ठाऊक माझी काय दशा झालीय? नवरा मरायला टेकलाय माझा, मी मरायला टेकलेय...

ती शांतपणे खाली बसली. म्हणाली, "मेरी को भी दिया था. जहाज में. बहुत रोती थी, सब लोग गाली देता था."

"फिर?"

"फिर नहीं रोई."

माझ्या हातातली वाटी कलंडली ती तशीच राहिली. माईनं पाय लांब केले, माझ्या पोराला पायांवर घेतलं आणि हलवायला लागली. गप्प बसला का? छे! बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

"रोता है ना? रोने दे," ती म्हणाली. "तू सो जा."

त्या पाच महिन्यांत चाळीतल्या सगळ्यांनी मला बाळाला झोपवायचे उपाय सांगितले होते. तू झोप, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच ओट्यावर, उघड्यावर, पदर तोंडावर घेऊन आडवी झाले.

जागी झाले तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता. माई तशीच बसून होती, पापडाची टोपली भरलेली, आणि पोरगं टक्क जागं, तिचं बोट मुठीत धरून.

ह्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहा प्यायले, चटई गुंडाळली आणि देवळामागच्या झाडाखाली झोपायला गेले. बाळाला गप्प करायचं सगळ्यांना सुचलं होतं, पण बापानं उठून दुसरीकडे झोपावं हे मेलं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं!

पोरगं पुढे कितीतरी महिने तसंच रडत राहिलं. माई मात्र काही दिवसांनी येईनाशी झाली. तिचं नाव मी विचारलं नव्हतं, तिच्या लेकीचंही नाही... ते राहून गेलं ते गेलंच.

अजून घरात कुणाचंही बाळ शांत झोपलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. नाकाशी बोट धरून बघते. सगळे हसतात.

परवा मी पाय लांब केले आणि पणतवाला पायांवर घेतलं. त्याचा आजोबा, तोच माझा रडका पोरगा, शेजारी खुर्चीत घोरत पडला होता. नातसुनेला म्हटलं, बंद कर तो मोबाइल.

रडतोय ना? रडू दे. तू झोप जा.