थर्मोकोलचे बोंबील

सलग तीन वर्षं मी आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणपतीत भारतमाता होते. हे काम ज्यांना सोपं वाटतं त्यांनी डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून संध्याकाळी सात ते दहा, दर वीस मिनिटांनी एक खेळ, असे दहा दिवस काढून बघावेत. भारतमातेला संवाद नसतात. तिला फक्त साडी असते, आणि शेवटी मांडीवर मरायला येणारा एक क्रांतिकारक असतो. पण नाक्यावर पोरं 'ती बघ भारतमाता चालली' म्हणायची, आणि ते मला भलतंच आवडायचं. खोटं कशाला बोलू?

चौथ्या वर्षी जिवंत देखावा लिहायचंही माझ्याच गळ्यात पडलं. मी तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपी शिकत होते, लिहिण्याचा संबंध केसपेपरापुरता. पण विषय घरचाच होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावर लहानाचे मोठे झालेले एक आजोबा बेचाळीसच्या चळवळीत, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्रजांविरुद्धची पत्रकं वाटायचे. त्यापायी तुरुंगात गेले. चाळीच्या जिन्यापाशी त्यांचा फोटो आहे. आता नव्वदीला टेकले होते, दादरला लेकीकडे राहायचे आणि गणपतीत न चुकता चाळीत मुक्कामाला यायचे. मी त्यांना एका शब्दानं न विचारता त्यांचं आयुष्य लिहिलं, आणि देखाव्याला शेवट दणदणीत हवा म्हणून त्यांना गोळी घालून मारून टाकलं. असल्या देखाव्यात आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो, आम्ही नुसते ओठ हलवायचे. तो आवाजही भरून झाला होता.

गणपतीला आठवडा असताना आजोबा आले आणि तालमीला खुर्ची टाकून बसले. स्वतःचा मृत्यू त्यांनी शांतपणे पाहिला.

"मी मेलो कधी गं?" त्यांनी मला विचारलं. रागावून नव्हे, खरोखर माहिती हवी असल्यासारखं.

"आजोबा, ते प्रतीकात्मक आहे."

"बरं. आणि मावशी कुठाय?"

"कोण मावशी?"

मग त्यांनी सांगितलं. पत्रकं छापली जायची कुलाब्याकडे. ती गिरगावात आणायची एक कोळीण, सुक्या बोंबलांच्या पाटीत, तळाशी. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांना मासे लागतच, त्यामुळे ती वाडीच्या तोंडाशी बसली तर कुणाला संशय यायचा नाही. संशय आला तो आजोबांचा. पूजाअर्चा करणाऱ्या शाकाहारी घरातला मुलगा दर शुक्रवारी कोळणीशी घासाघीस करताना शेजारणीनं पाहिला आणि आईला जाऊन सांगितलं. त्यात शर्टाला वास! आईनं कपाळावर हात मारून घेतला, पोरगा मासे खायला लागला. खरं सांगावं तर गट पकडला जाणार. म्हणून सोळा वर्षांच्या त्या क्रांतिकारकानं तीन महिने मान खाली घालून आळ सोसला. जिन्याखाली आंघोळ केल्याशिवाय त्याला घरात घेत नसत. शेवटी पोलिस दारात आले, बोंबलांच्या वासाची पत्रकं पेटीतून निघाली, तेव्हा आईनं म्हणे आधी देवापुढे साखर ठेवली. मुलगा क्रांतिकारक निघाला, मासेखाऊ नव्हे!

मी हसून हसून खाली बसले. "पण आजोबा, खाल्ले होते का हो?"

त्यांनी पाणी मागितलं.

"पोलिसांनी तीन दिवस मारलं," पाणी पिऊन ते म्हणाले, "माल कोण आणतं ते सांग म्हणून. मी बोललो नाही. नाव तर सांगताच आलं नसतं. एकमेकांना नाव विचारायचं नाही असा नियम होता. सुटल्यावर किनाऱ्यावर शोधायला गेलो, पण विचारणार काय? मावशी कुठाय? तिथं सगळ्याच मावश्या. मला ताम्रपट मिळाला, जिन्यापाशी फोटो लागला. वाहिलं सगळं तिनं. ती होती हे ठाऊक असलेला आता मी एकटा उरलोय. मला मार हवं तर, पण तिला एकदा लोकांसमोर आण."

मला स्वतःचीच लाज वाटली. तशीच उठून मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. भला माणूस, पण नाही म्हणण्यात वाघ.

"बाप्पासमोर मासे? डोकं फिरलंय काय तुझं? अख्ख्या चाळीत दहा दिवस कुणी सुकट भाजत नाही, आणि तू मांडवात बोंबील आणणार?"

"बाप्पासमोर बंदूक चालते, बोंबील चालत नाहीत?"

"बंदूक खोटी आहे!"

"मग बोंबीलही खोटे करू!"

मग त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. स्टेजवर पाचच माणसं मावतात, कोळीण हवी तर भारतमाता खाली उतरव. मी मुकुटाला हात लावू देणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी मुकुट काढला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवला. रात्री थोडी रडले, तेही सांगून टाकते.

पाच दिवसांत सगळं नव्यानं लिहिलं, आवाज पुन्हा भरला. या वेळी क्रांतिकारक जिवंत राहिला. डेकोरेशनवाल्यानं थर्मोकोलचे शंभर बोंबील कापून रंगवले, थर्मोकोल तेव्हा चालायचं. कोळीण आता मीच होते, राहिलं तिचं लुगडं. ते नेसायला शिकायला मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेले. मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईनं हात पुसून मला नेसवलं, पाटी डोक्यावर देऊन दहा फेऱ्या मारायला लावल्या आणि पोटभर हसली.

"काम कोणाचं करतेस गो?"

मी सगळी हकिगत सांगितली. "नाव मात्र कुणालाच माहीत नाही," म्हटलं.

ती हसायची थांबली. "येते मी बघायला," एवढंच म्हणाली.

देखावा गाजला. आईचं साखर ठेवणं बघून लोक टाळ्या वाजवायचे, पाटीच्या तळातून पत्रकं निघाली की शिट्ट्या पडायच्या. आजोबा रोज पहिल्या रांगेत असायचे आणि रोज तक्रार करायचे, "वास येत नाही गं!"

शेवटच्या संध्याकाळी ती आली. एकटी नाही, बाराजणी घेऊन आली. सगळ्या ठेवणीतलं लुगडं नेसून, अंगभर सोनं घालून, मांडवात मधोमध बसल्या. खेळ संपल्यावर निवेदक नेहमीप्रमाणे पात्रं आणि त्यांची नावं सांगू लागला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आणि मावशी, जिचं नाव आपल्याला माहीत नाही..."

"माहीत नाही कसं?" मधल्या रांगेतून एकजण उभी राहिली. "माझी आजी ती!"

"चल हट्! माझी आजी!" दुसरी म्हणाली.

"तुझी आजी वांद्र्याची, ती कशाला येतेय गिरगावात? माझी!"

बघता बघता तेराही जणी उभ्या. सगळा मांडव हसत होता. आजोबा मात्र काठी टेकत उठले आणि त्यांच्या रांगेत शिरले. एकेकीसमोर हात जोडून विचारू लागले, "नाव काय होतं तिचं?" एकेक जण आपल्या आजीचं नाव सांगे, आणि आजोबा ते पुन्हा मोठ्यानं म्हणत. तेरा नावं झाली. सत्तर वर्षं ज्या माणसाकडे एक नाव नव्हतं, त्यानं त्यातल्या एकालाही हरकत घेतली नाही. मी पाटी डोक्यावर धरून स्टेजवर रडत होते आणि हसतही होते.

शेवटी, मला लुगडं नेसवणाऱ्या बाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "सगळं खरं आजोबा, पण माझ्या आजीचे बोंबील कधी खाल्लेत का नाय?"

आजोबांनी मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे पाहिलं. तिथं त्यांची आई उभी राहायची. पोलिसांनी तीन दिवस मारूनही ज्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं, ते आजोबा अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खाल्ले! पहिल्या शुक्रवारपासून!"